सिंधूबाईंच्या पायातली जीन्स

मी एक जुनी जीन्स आहे, आणि मला प्रश्न फार पडतात.

मित्रांनो, कपड्याला कसले आले प्रश्न, असं तुम्ही म्हणाल. पण जरा विचार करा. सदऱ्याला आपला शिंपी माहीत असतो. गोधडीला आपण कोणाकोणाच्या लुगड्यांतून आलो हे ठाऊक असतं. मी मात्र इतक्या हातांतून आणि इतक्या गावांतून आले, की माझं माहेर कोणतं हे मला कितीतरी वर्षं धड सांगता येत नव्हतं.

माझा कापूस कोणत्या रानातला होता, हे आजही मला माहीत नाही. जिनिंगात दहा गावांचा कापूस एका ढिगात पडतो. सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, आणि मग कोणतं बोंड कोणाचं हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. माझी पहिली स्पष्ट आठवण आहे ती निळीच्या टाकीची. तेव्हा मी नुसतं सूत होते. मला टाकीत बुडवलं आणि वर काढलं. गंमत अशी की वर आले तेव्हा मी निळी नव्हतेच, पिवळसर हिरवी होते! हवा लागली तसतसा रंग पालटत गेला. पुन्हा बुडी, पुन्हा हवा. असं करत करत निळा रंग चढला, पण तो सुताच्या गाभ्यापर्यंत काही पोचला नाही. आत मी पांढरीच राहिले. आम्ही जीन्स जिथे घासतो तिथे फिक्या पडतो, त्याचं कारण हेच.

पुढे मागावर निळं सूत उभं लावलं, पांढरं सूत आडवं घातलं आणि तिरप्या विणीनं जाड कापड विणलं. एका कारखान्यात माझे तुकडे कापले, दुहेरी शिवणीनं जोडले, आणि खिशांच्या कोपऱ्यांवर तांबूस रंगाच्या बारीक टिकल्या ठोकल्या. त्यांना रिव्हेट म्हणतात. या टिकल्या कशासाठी, हा मला पडलेला पहिला प्रश्न. पातळाला टिकल्या लावतात त्या शोभेसाठी. माझ्या टिकल्यांत शोभा ती काय! पण मशीनच्या खडखडाटात माझं कोण ऐकणार?

नांदेडच्या एका दुकानात मी घडी होऊन बसले होते. तिथून मला शिवशंकरनं उचललं. शिवशंकर हा हदगावजवळच्या एका खेड्यातला, भुजंगराव आणि सिंधूबाई या शेतकरी जोडप्याचा मुलगा. तो तेव्हा नांदेडला कॉलेजात शिकत होता. त्याच्या पायात मी कॉलेज पाहिलं, बसस्थानकावरची बाकडी पाहिली, गोदावरीचा घाट पाहिला, मित्रांच्या लग्नांतल्या वरातींत नाचले. "काय फिट बसली रे तुला!" असं कोणी म्हटलं की शिवशंकरची मान ताठ व्हायची आणि माझी शिवणही. माझे गुडघे पांढरे पडत गेले, तसा मला भाव जास्तच मिळू लागला. जुनी झाल्यावर किंमत वाढणारा कपडा जगात दुसरा कोणता असेल, असं तेव्हा मला वाटायचं.

पुढे शिवशंकरला लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवायची नोकरी लागली. दिवसभर उभं राहून शिकवणं आणि रात्री मेसचं जेवण. एका दिवाळीला तो गावी आला, मला चढवायला गेला, तर बटण आणि काज यांची गाठच पडेना. त्यानं श्वास रोखून पाहिला, पोट आत ओढून पाहिलं. शेवटी हसला आणि मला खुंटीवर टांगून लातूरला निघून गेला.

मित्रांनो, खुंटीवरचे ते दिवस आठवूही नयेत असं मला वाटतं. धूळ बसली. उंदरानं एक खिसा कुरतडला. मग एके दिवशी भुजंगरावांनी मला काढलं, शेतात नेलं, माझ्यात भुसकट कोंबलं आणि ज्वारीच्या पिकात एका बांबूवर उभं केलं. मी बुजगावणं झाले! पाखरं मला भ्यायली असती तर तेवढं तरी समाधान होतं. पण चिमण्या माझ्याच कमरेवर बसून कणसांची चर्चा करायच्या.

तरी एक सांगते. कॉलेजात मला फक्त पुढच्या बाकाचं लाकूड दिसायचं. इथे चारी दिशा मोकळ्या होत्या, आणि मी बघत बसायची. कामाला येणाऱ्या बायांकडे माझं लक्ष असायचं. साडीवर नवऱ्याचा किंवा लेकाचा जुना शर्ट घालून त्या हात झाकून घ्यायच्या. पण साडी वर खोचली की पोटऱ्या उघड्याच. त्यांच्यावर काट्यांचे, धसकटांचे ओरखडे. हात झाकतात, मग पाय का नाही झाकत? माझा दुसरा प्रश्न.

हाच प्रश्न सिंधूबाईंनाही पडला असावा. ज्वारी काढायच्या दिवशी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वरून खालून न्याहाळलं, बोटांच्या चिमटीत कापड धरून पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"अवं, हे बुजगावण्याला कशाला घातलंय? पाखरं तर भेत न्हाईत. माह्या पायाला लागंल की हे."

भुजंगराव विळा टाकून आले. "अगं, पोराची पँट हाय ती! बाईमाणसानं घालायची व्हय?"

"पोरगं माहं हाय का न्हाई?"

"हाय की."

"मंग पँट बी माहीच."

भुजंगराव विळा उचलायला परत गेले. सिंधूबाईंनी भुसकट झटकलं, मला धुऊन वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी साडीच्या आत चढवलं. कमरेला मी सैल होते, तिथे त्यांनी सुतळी ओवली. उंचीला त्या शिवशंकरपेक्षा बऱ्याच बुटक्या, म्हणून खाली जाड दुमड घातली. एकावर एक पदर घेऊन ती दुमड पोटरीच्या निम्म्यावर येऊन बसली.

रानात हशा पिकला. शेजारच्या शेतातल्या साखराबाई, सिंधूबाईंच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सिंधे, कोण्या कॉलेजात नाव घातलंस गं?"

"हास, हास. सांजच्याला तुह्या अन् माह्या पोटऱ्या शेजारी ठिऊन बघू."

संध्याकाळी बांधावर दोघींनी खरंच पाय शेजारी ठेवून पाहिले. सिंधूबाईंच्या पोटरीवर एकही ओरखडा नव्हता; साखराबाईंनी साडी आपल्या पोटऱ्यांवर ओढून घेतली.

आता सिंधूबाईंच्या स्वभावाची एक गोष्ट सांगते. त्या शाळेत फार गेल्या नव्हत्या, पण कोणतीही वस्तू हाती आली की तिचं मूळ काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांची मुलगी उज्वला नांदेडला शाळेत शिक्षिका आहे. तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा. त्या दिवशी जेवलीस का विचारायच्या आधीच सिंधूबाईंनी सुरुवात केली.

"उज्वला, हिला जीन का म्हणतेत गं? जिनिंगात तयार व्हते म्हणून का?"

उज्वला खळखळून हसली. मग एकदम थांबली. "आई, खरं सांगू? मलाही माहीत नाही. बघून सांगते."

मी साडीआड कान टवकारून बसले. माझा जन्माचा प्रश्न कोणीतरी पहिल्यांदाच मोठ्यानं विचारला होता!

दुसऱ्या दिवशी उज्वलानं सांगितलं. इटलीत समुद्रकाठी जिनोआ नावाचं गाव आहे. तिथून एक टिकाऊ कापड परदेशी जायचं. त्या गावाच्या फ्रेंच नावाचा उच्चार जीनच्या जवळचा आहे, त्यावरून जीन हे नाव पडलं. फ्रान्समध्ये नीम नावाचं गाव आहे. तिथल्या कापडाला 'द नीम' म्हणजे नीमचं कापड म्हणायचे, त्यावरून डेनिम हा शब्द आला असं सांगतात.

"आपल्या कोण्याच गावाचं नाव न्हाई का तिच्यात?" सिंधूबाई जरा नाराज झाल्या.

"आहे ना! मुंबईत डोंगरी आहे बघ. तिथे पूर्वी जाडंभरडं सुती कापड मिळायचं. इंग्रजांनी त्याला डंगरी म्हटलं. खलाशी आणि कामकरी लोक त्या कापडाचे कपडे घालायचे. आणि निळीला इंग्रजीत इंडिगो म्हणतात, तो शब्द इंडियावरून आलेला आहे. जुन्या काळी नीळ आपल्याकडून जायची. आता बहुतेक कारखान्यातच बनते."

"मंग तर ही माहेरवाशीण निघाली की!" सिंधूबाईंनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

मित्रांनो, त्या थापेनं मला काय वाटलं ते कसं सांगू? जिनोआ, नीम, डोंगरी. मला एक माहेर सापडत नव्हतं, आणि इथे तीन-तीन निघाली. आणखी एक गोष्ट मी मनात घोळवत राहिले. खलाशी, कामकरी. म्हणजे आमच्या खानदानात वरातीत नाचणं नंतर आलं. आधी होती ती मेहनत.

पावसाळा गेला. सोयाबीन पिवळं पडून काढणीला आलं. त्या दिवशी ऊन कडक होतं. सिंधूबाई एका ओळीत बसून कापत होत्या, साखराबाई पलीकडच्या ओळीत. आज आपण त्यांच्याकडे काम केलं की उद्या ते आपल्याकडे येतात, अशी तिथली रीत. सिंधूबाईंनी पुढची पेंढी धरायला उजवा पाय टाकला आणि पाचोळ्यातून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला. मी तो ऐकला. पण मी ओरडू शकत नाही ना!

घोणस होती. जाड, आखूड, अंगावर साखळीसारखे ठिपके. ती उसळली आणि तिचा दंश थेट माझ्या दुमडीवर बसला. एक दात जाड शिवणीत रुतला. दुसरा माझे सगळे पदर पार करून पलीकडे टोचला. काहीतरी ओलं माझ्या सुतांत पसरलं. घोणशीनं हिसका दिला, दात सोडवला आणि बांधाकडे निघून गेली.

"चावलं गं, साखरा!" सिंधूबाई खाली बसल्या.

साखराबाईंनी आरडाओरडा केला. माणसं धावत आली. भुजंगराव आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. नाव भुजंग, पण सापाचं नुसतं नाव निघालं तरी जेवणावरून उठणारा तो माणूस. कोणी म्हणालं, पाय करकचून बांधा. कोणी म्हणालं, देवळात न्या, अंगारा लावा, उतरतंय.

सिंधूबाई दात-ओठ आवळून म्हणाल्या, "बांधू नगा काही. उज्वलानं सांगितलंय. हदगावला न्या."

भुजंगरावांनी एकदा देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाले, "देवाला दवाखान्यातून नमस्कार करू. गाडी काढा कोणीतरी."

शेजाऱ्याची जीप आली. साखराबाईंनी सिंधूबाईंचा पाय मांडीवर घेतला आणि वाटभर हलू दिला नाही. खड्डा आला की त्या सिंधूबाईंपेक्षा मोठ्यानं कण्हायच्या. "सिंधे, डोळे मिटू नगंस. बोल काही तरी. तुहं ते कोणतं गाव, जिनोरा का काय, ते सांग!"

"जिनोआ," सिंधूबाई पुटपुटल्या.

दवाखान्यात डॉक्टर महामाया होत्या. तरुण, शांत, कामाला चटपटीत. नर्सनं कात्री घेतली आणि मला दुमडीपासून गुडघ्यापर्यंत उभं कापलं. कारखाना सोडल्यानंतर पहिल्यांदाच माझ्या अंगाला कात्री लागली होती. दुखलं? खरं सांगायचं तर त्या वेळी माझं सगळं लक्ष त्या पोटरीकडे होतं. तिथे एकच बारीक छिद्र होतं, भोवती सूज होती. डॉक्टरांनी रक्त घेऊन काचेच्या नळीत ठेवलं. गोठतंय की नाही हे पाहायचं होतं. भुजंगराव त्या नळीकडे असे बघत होते, जसं आभाळाकडे बघतात.

रक्त नीट गोठलं नाही. विष चढलं होतं. सलाईनमधून औषध सुरू झालं. साखराबाई बाहेर पायरीवर बसून राहिल्या, आणि मी पलंगाखाली एका ट्रेमध्ये चुरगळून पडले. सिंधूबाई जगतील का? मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा एकच प्रश्न असा होता, की ज्याच्या उत्तराची मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पुन्हा रक्त घेतलं. डॉक्टरांनी नळी तिरपी केली. आतलं रक्त जागचं हललं नाही, घट्ट गोठलं होतं. त्या पहिल्यांदाच हसल्या. "काका, धोका टळला. आता सूज उतरायला वेळ लागेल तेवढाच."

स्टुलावर बसल्या बसल्याच भुजंगरावांनी देवळाच्या दिशेनं पुन्हा हात जोडले.

डॉक्टरांनी हातमोजे घालून मला उचललं. दुमडीवर पिवळट डाग सुकला होता. "हे पाहिलंत? विषाचा बराच भाग या कापडात राहिलेला दिसतोय. सगळं आत गेलं असतं तर अवघड होतं. पण एक लक्षात ठेवा, पँट म्हणजे औषध नाही. तुम्ही लवकर आलात, पाय हलवला नाहीत, बांधाबांध केली नाहीत, म्हणून हे जमलं. शेतात गमबूट घालत जा."

"ही जाळून टाकू का?" नर्सनं विचारलं.

"न्हाई, न्हाई," भुजंगराव घाईनं उठले. ज्या माणसानं मला बाईमाणसाच्या पायात नको म्हटलं होतं, त्यानं डॉक्टरांना नीट विचारून घेतलं, हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि घरी हातपंपावर मला साबणानं पुन्हा पुन्हा धुतलं. सगळ्या गल्लीनं पाहिलं. संसारात त्यांनी धुतलेला तो पहिला कपडा असावा. पिळायचं कसं हेही त्यांना कळत नव्हतं.

उज्वला रजा घेऊन दवाखान्यात आली होती. सिंधूबाईंना बसतं केल्यावर तिसऱ्या प्रहरी तिनं मोसंबी सोलायला घेतली. सिंधूबाईंचा चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांत पुन्हा जुनी चमक आली होती.

"उज्वला, ही पँट पहिल्यांदा कोणं शिवली असंल?"

उज्वलानं या खेपेला आधीच वाचून ठेवलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेतली गोष्ट. एका गावात एक शिंपी होता, तंबू आणि घोड्यांच्या झुली शिवायचा. त्याच्याकडे एक बाई आली. तिचा नवरा अंगमेहनतीचं काम करायचा आणि त्याच्या पँटी टिकायच्याच नाहीत. ती म्हणाली, फाटणार नाही अशी एक शिवून द्या. शिंपी विचारात पडला. झुलींना ठोकायच्या तांब्याच्या टिकल्या जवळच पडल्या होत्या. जिथे जिथे ताण येतो तिथे, खिशांच्या कोपऱ्यांवर, त्यानं त्या ठोकल्या. पँट फाटली नाही. मग बाकीचे कामकरी येऊ लागले. पुढे त्यानं एका कापडवाल्याशी भागी केली, आणि ही पँट जगभर गेली.

भुजंगरावांनी ओलीच दवाखान्यात परत आणून पलंगाच्या दांडीवर वाळत टाकलेली मी ऐकत होते. टिकल्या कशासाठी, ते अखेर मला कळलं! ताण येतो तिथे धरून ठेवण्यासाठी.

"त्या बाईचं नाव काय व्हतं?" सिंधूबाईंनी विचारलं.

"शिंप्याचं नाव आहे, कापडवाल्याचं आहे. तिचं मला कुठे सापडलं नाही."

"नवऱ्यासाठी मागितली नं तिनं? सोतासाठी न्हाई?"

"नाही. नवऱ्यासाठीच."

सिंधूबाईंनी मोसंबीची फोड हातात तशीच धरली. "ती बी काम करतच असंल की. चूल, पाणी, लाकडं. तिच्या पायाचं कोण बघावं?" फोड तोंडात टाकत त्या म्हणाल्या, "मंग आपण मागू."

शिवशंकर लातूरहून आला तेव्हा आईचा सुजलेला पाय बघून तो तिच्या पायथ्याशीच बसला. "आई, माझी जुनी पँट घालत होतीस? मला सांगायचंस ना." त्यानं येताना नवी कोरी लेडीज जीन्स आणली होती. बिचाऱ्यानं मनापासून आणली होती. पण ती पातळ होती, ताणणारी आणि पायाला चिकटणारी. सिंधूबाईंनी घरी आल्यावर तिच्या खिशात हात घालून पाहिला. हात आत जाईना. नुसती शिवण मारून खिसा असल्याचं भासवलं होतं.

"शिवा, हा खिसा हाय का खिशाचं चित्र?"

शिवशंकर आधी ओशाळला, मग आईबरोबर हसत सुटला. ती जीन्स उज्वलाकडे गेली. आणि सिंधूबाई, पायावर नीट जोर देता येऊ लागताच, मला पिशवीत घालून हदगावच्या बाजारपेठेत संगमेश टेलरच्या दुकानात आल्या. बरोबर भुजंगराव होते.

"दादा, बायांसाठी जाड पँट शिवायची. शेतात घालायची."

संगमेश टेलरनं चष्म्यावरून पाहिलं. "बायांसाठी? शेतात? ताई, आजवर कोणी मागितलीच न्हाई."

"मी मागून राहिले नं आता."

सिंधूबाईंनी सगळं सांगितलं. बसून काम करावं लागतं, म्हणून मांडीला ढील हवी. कमरेला नाडी हवी. खिसा खरा हवा, मोबाइल जाईल एवढा. खाली पोटरीपर्यंत दुहेरी कापड हवं. संगमेश टेलर ऐकता ऐकता खुर्चीत पुढे सरकले. मग मला टेबलावर पसरून म्हणाले, "जीनचं बेतणं वेगळं असतंय. ही उसवून पाहिल्याबिगर मला नमुना काढता यायचा न्हाई. पण उसवली की ही परत पँट व्हायची न्हाई. आधीच कापलेली हाय."

भुजंगरावांनी माझ्यावर हात ठेवला. "दुसरी कोणती तरी घ्या. ह्या पँटीनं हिचा जीव वाचिवलाय. ही आमी पेटीत ठिऊ. पूजेला बी लावू."

सिंधूबाई बराच वेळ माझ्या कापलेल्या पायावरून बोटं फिरवत राहिल्या. पेटी मला माहीत होती. तिथे अंधार असतो आणि डांबरगोळ्या असतात. मला सन्मानानं तिथे ठेवलं असतं, वर्षातून एकदा बाहेर काढून कौतुक केलं असतं. माझ्या जागी तुम्ही असता तर काय मागितलं असतं?

"पेटीत हिचं काय व्हईल?" सिंधूबाई म्हणाल्या. "कसर लागंल, दुसरं काय! उसवा दादा. पर हळू."

संगमेश टेलरनं ब्लेडच्या पात्यानं शिवणी एकेक करून सोडवल्या. ज्या धाग्यांनी मला इतकी वर्षं मी म्हणून धरून ठेवलं होतं, ते टेबलाखाली पडत गेले. टिकल्या पक्कडीनं उपटाव्या लागल्या. शिवणींच्या आतला भाग उघडा पडला तेव्हा सगळे वाकून बघू लागले. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, माझा पहिला गडद निळा रंग तसाच होता. मीही तो पहिल्यांदाच पाहत होते.

माझ्या तुकड्यांवरून नव्या जाड कापडात बेतलेली पहिली पँट फसली. सिंधूबाई दुकानातच पडद्याआड घालून बाहेर आल्या, खाली बसल्या आणि मागची शिवण टर्रकन गेली. भुजंगरावांनी तोंड फिरवून हसू दाबलं. संगमेश टेलर मात्र रागावले नाहीत, उलट पेटून उठले. त्यांनी माझे मागचे दोन तुकडे पुन्हा मांडले, खडू घेतला, बैठकीला जास्त कापड सोडलं. दुसरी पँट घालून सिंधूबाई बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या, कापल्यासारखा हात फिरवला. कुठेच ओढलं नाही. त्यांनी खिशात हात घातला. मनगटापर्यंत गेला. त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं, ते वरातीतल्या कोणत्याच कौतुकात मला मिळालं नव्हतं.

कापूस वेचणीला साखराबाई स्वतःसाठी शिवून घेतलेली पँट घालून आल्या, आणि त्यांना हसायला गावात कोणी उरलं नव्हतं. पायात दोघींनी गमबूटही घातले होते.

मित्रांनो, मी आता पँट नाही. तुकड्या-तुकड्यांनी दुकानातल्या खिळ्यावर लटकते. पण तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या घरी कपाटाच्या तळाशी माझी भावंडं पडलेली असतील. तंग झाली, फिकी पडली म्हणून ती निकामी झाली असं समजू नका. त्यांच्या अंगात अजून पुष्कळ मेहनत शिल्लक आहे. शिवा, सांधा, कोणाच्या तरी उपयोगी पाडा. आणि तुमच्या ताटातली भाकर, डाळ ज्यांच्या हातून येते त्यांच्या पायांकडे एकदा बघा. त्यांना काय हवं ते विचारा. विचारायला लाजू नका, आणि मागायला तर मुळीच नाही.

आज सकाळीच एक अनोळखी बाई दुकानाच्या दारात घुटमळत होती. चप्पल बाहेर काढू की नको, या विचारात.

"दादा, ती बायांची पँट इथंच शिवतेत का?"

"हाव ताई, या की आत," म्हणत संगमेश टेलरनं मला खिळ्यावरून काढलं, नव्या कापडावर पसरलं आणि खडू उचलला. खडूची पांढरी रेघ आता माझ्या कडेकडेनं फिरते आहे, आणि ती बाई डोळे मोठे करून बघते आहे.